मृत्यूची वही आणि घराचं दार



स्मृतिव्याख्यान बहुधा एखाद्या कवीवर होतं, नेत्यावर होतं, समाजसुधारकावर होतं. आज मी ज्यांच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहे ते मुंबई महापालिकेचे एक नोकर होते. त्यांचं नाव जॉन अँड्र्यू टर्नर. १९०१ पासून १९१९ पर्यंत ते मुंबईचे कार्यकारी आरोग्य अधिकारी होते. प्लेग ऐन भरात असताना ते खुर्चीवर बसले आणि इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेल्यावर उठले. ते गेले तेव्हा दहिसर मुंबईत नव्हतं. शहराची हद्द माहीम-सायनला संपत होती आणि आपल्याकडे भातखाचरं, खाडी आणि पाडे होते. तरीही हा विषय मी दहिसरसाठी निवडला, कारण आपल्या वॉर्डात आज जे आरोग्य खातं चालतं, दारावर येणाऱ्या आरोग्य सेविकेपासून टाकीत डोकावणाऱ्या मलेरियावाल्यांपर्यंत, त्याची घडी त्या अठरा वर्षांत बरीचशी बसली. ती घडी कुठे बसली आणि कुठे विसकटलेली राहिली, हे समजून घेतलं की २०२० साली आपल्या जकात नाक्यावर जे झालं त्याचाही अर्थ लागतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात कायदा असतो, शिपाई असतात, औषधं असतात. पण त्याचं सगळं काम एका गोष्टीवर अवलंबून असतं: घरात कोण आजारी आहे आणि कोण कशाने मेलं, हे लोक त्याला खरं सांगतात का? लोक खरं सांगत असतील तर तो साथीच्या पुढे चालतो. लोक लपवायला लागले की त्याच्या वहीत खोटं उतरतं, आणि खोट्या वहीवर उत्तम माणूसही काही करू शकत नाही.

ही वही मुंबईत फार जुनी आहे. १८४८ पासून स्मशानांत आणि कबरस्तानांत मृत्यूंची नोंद होऊ लागली. १८६५ च्या कायद्याने महापालिकेत आरोग्य अधिकारी हे पद आलं. सुरुवातीच्या अधिकाऱ्यांत ह्यूलेट यांचं नाव घेतलं जातं. त्या आधी पाच वर्षं, १८६० मध्ये, विहारचं पाणी शहरात पोचलं होतं, आणि १८७९ मध्ये तुळशीचं. ही दोन्ही तळी आपल्या मागच्या डोंगरात आहेत. आपली दहिसर नदी तुळशीजवळच उगम पावते. म्हणजे आपल्या साष्टी बेटाचं पाणी मुंबईने १८६० पासून प्यायलं आणि साष्टीतलं दहिसर मुंबईत आलं १९५७ साली. जवळपास शंभर वर्षं आपण शहराला आरोग्य पुरवत होतो आणि शहराच्या आरोग्य खात्याच्या वहीत आपलं नावही नव्हतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण हद्दीवर राहणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

आता प्लेगकडे येतो. टर्नर ज्या खुर्चीवर आले तिच्यावर आधी टी. एस. वीयर बसत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, लोक विचित्र तापाने मरू लागले. जांघेत आणि काखेत गाठी येत. त्याआधी उंदीर मरत होते, ते लोकांनी पाहिलं होतं. हा प्लेग आहे असं २३ सप्टेंबरला महापालिकेच्या स्थायी समितीत उघडपणे सांगितलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातले, मुंबईत वैद्यकी करणारे आणि महापालिकेचे सभासद. धोबी तलावावर त्यांचा पुतळा आहे. जाता-येता आपण तो पाहतो आणि पुढे जातो.

६ ऑक्टोबरला आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी १८८८ च्या महापालिका कायद्याखाली जाहीरनामा काढला. आजारी माणसाला सक्तीने रुग्णालयात नेता येईल, घर धुऊन निर्जंतुक करता येईल. कागदावर हे सगळं शहाणपणाचं दिसतं. पण ज्या शहरात रुग्णालयात गेलेलं माणूस परत येत नाही असा लोकांचा अनुभव होता, जिथे जातीबाहेरच्या हातचं पाणी पिणं म्हणजे धर्म जाणं होतं, जिथे घरच्या बायकांना परक्या पुरुषाने तपासणं हा अपमान होता, तिथे या जाहीरनाम्याचा एकच अर्थ निघाला: आजारी पडलास तर तुला धरून नेतील. महिना संपायच्या आत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. स्नो यांनी माघार घेतली. त्यांच्या माघारीमागचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. सक्ती चालू राहिली तर शहरातले हलालखोर, म्हणजे मैला वाहणारे आणि झाडणारे कामगार, पळून जातील, ही त्यांची भीती होती. ते गेले तर शहर आठवड्याभरात राहण्यालायक उरलं नसतं. आरोग्य खात्याचा कणा कोण आहे हे एका इंग्रज आयुक्ताला त्या भीतीने शिकवलं. पण कण्याला मान किती मिळाला, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर १९१८ च्या आकड्यांत येईल.

सरकारला ही माघार पटली नाही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. हाच कायदा आपल्याला २०२० मध्ये पुन्हा ऐकू आला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांची प्लेग समिती नेमली गेली आणि प्लेगचं काम महापालिकेच्या हातून काढून घेतलं. घराघरांची झडती, रुग्णांना वेगळं करणं, ज्या घरात प्लेगने माणूस गेलं त्याच्या दाराशेजारी लाल रंगाचं वर्तुळ. एका मृत्यूला एक वर्तुळ. काही घरांवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवलेली असत, ‘यू. एच. एच.’, म्हणजे माणसांनी राहण्यास अयोग्य. पुण्यात याच धोरणाची परिणती २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडण्यात झाली, ते प्रकरण आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांनी दंगल केली, कारण पथक एका आजारी मुलीला तपासायला गेलं होतं.

या सगळ्यात वहीचं काय झालं? लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली, रातोरात गावी पाठवली, मेलेल्याच्या मृत्यूचं कारण साधा ताप म्हणून सांगितलं. प्लेगच्या रकान्यात आकडा कमी आणि एकूण मृत्यू मात्र दर वर्षापेक्षा कितीतरी जास्त. वीयर यांच्या खात्याला ते कळत होतं. त्यांनी आठवड्याच्या एकूण मृत्यूंची मागच्या वर्षांच्या सरासरीशी तुलना केली आणि फरकावरून खऱ्या प्लेगचा अंदाज बांधला. २०२० मध्ये जगभरचे संशोधक ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणून जी पद्धत वापरत होते तिचा मूळ विचार हाच. शहर भीतीने खोटं बोलत असतानाही प्रेतांची संख्या खरं बोलते, हे मुंबईच्या आरोग्य खात्याने १८९७ मध्येच ओळखलं होतं.

टर्नर आले ते १९०१ साली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जनगणना झाली आणि मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८,२१,७६४ होती. वाढतं शहर दहा वर्षांत आक्रसलं होतं. काही मेले होते, पुष्कळ पळाले होते. प्लेग ओसरला नव्हता, उलट १९०३ मध्ये प्लेगचे नोंदलेले मृत्यू वीस हजारांवर गेले. या माणसाला पूर्वीच्या चुकांची यादी हातात घेऊन कामाला लागायचं होतं. लष्करी झडत्यांचा जमाना संपला होता आणि काम पुन्हा महापालिकेकडे आलं होतं. सक्ती अंगाशी आली होती, मग करायचं काय?

टर्नर यांनी जे केलं ते दिसायला किरकोळ होतं. त्यांनी उंदरांकडे लक्ष वळवलं. परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे हाफकिन संस्था हे नाव मिळालं, ग्लेन लिस्टन आणि नंतर प्लेग संशोधन आयोग यांनी १९०५ च्या आसपास दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो. त्या तपासासाठी मुंबईत एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. ते उंदीर गोळा करणारी, कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात सापडला याची चिठ्ठी लावणारी माणसं महापालिकेची होती. उंदीर पकडायला आलेल्या माणसाला घरात घेण्यात कुणाची अब्रू जात नाही, त्याला लोक दार उघडतात. माणसांच्या तपासणीपेक्षा उंदरांच्या तपासणीतून वस्तीची खबर आधी मिळू लागली. ही गोष्ट मला टर्नर यांच्या कारकिर्दीतली सर्वांत शहाणी वाटते, आणि तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही.

दुसरं काम स्वच्छता प्रसाराचं. त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे सॅनिटरी असोसिएशन उभी राहिली. मराठी, गुजराती, उर्दूत पत्रकं निघाली, व्याख्यानं झाली, बायका घरोघर जाऊन बाळंतिणींना भेटू लागल्या. क्षयाविरुद्ध लीग स्थापन झाली. १९१४ च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने ‘सॅनिटेशन इन इंडिया’ हे जाडजूड पुस्तक काढलं. त्यात पाणी, गटारं, घरं, दूध, साथी असं सगळं आहे. त्या पिढीतल्या आरोग्य निरीक्षकांना हाताशी ठेवता यावं अशी त्याची मांडणी आहे.

पण मी त्यांची आरती करायला उभा नाही. टर्नर हे साहेब होते आणि साहेबी नजर त्यांना सुटली नाही. आजाराचं कारण शोधताना लोकांच्या सवयींवर बोट ठेवणं त्यांना सोपं जाई. चाळीचा मालक, गिरणीची पाळी आणि तुटपुंजा पगार यांच्यापर्यंत त्यांचं बोट पोचे, पण तिथे ते फार काळ टेकत नसे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत अधिक दाटीने राहू लागली. आरोग्य खात्याचे आकडे हे दाखवत होते. त्या आकड्यांचा आवाज मात्र ट्रस्टच्या कचेरीपर्यंत पुरेसा पोचला नाही.

बाळांच्या मृत्यूंचं प्रकरण तर अधिक गुंतागुंतीचं आहे आणि ते आपल्या कोकणी घरांना जवळचं आहे. मुंबईत हजार जन्मांमागे मरणाऱ्या बाळांची संख्या इतकी मोठी होती की ती वाचताना हात थबकतो. टर्नर निवृत्त झाल्यानंतर दोन वर्षांनी, १९२१ साली, ती हजारी साडेसहाशेच्या वर निघाली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत त्याहूनही जास्त. बाळं मरत होती यात शंका नाही. गिरणीत जाणारी आई बाळाला अफूची बाळगोळी देऊन झोपवायची, कारण दुसरा इलाज नव्हता. पण आकडा इतका भयंकर का, याचं एक कारण वहीत होतं. बाई बाळंतपणाला माहेरी जायची, रत्नागिरीला, साताऱ्याला. बाळाचा जन्म गावी व्हायचा, तो मुंबईच्या वहीत यायचा नाही. मग बाई तान्हं घेऊन परत चाळीत यायची आणि बाळ इथे मरायचं. मृत्यू मुंबईच्या खात्यावर, जन्म नाही. शिवाय शहरातले जन्मही पुष्कळदा नोंदले जात नसत. जन्माची नोंद करून काय मिळणार होतं? तेव्हा भागाकारात खालचा आकडा लहान आणि वरचा मोठा.

मला या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. बाळंतिणीकडे महापालिकेची परिचारिका जाऊ लागली, घरात बसून बोलू लागली, तेव्हा कुठे जन्मांची नोंद सुधारू लागली. आणि दुसरी अशी की ज्या स्त्रीचं आयुष्य गाव आणि मुंबई यांच्यात वाटलेलं आहे तिला एका वॉर्डाच्या चौकटीत मोजता येत नाही. आजही दहिसरच्या झोपडपट्टीतली मुलगी पहिल्या बाळंतपणाला गावी जाते, मग ते गाव जालना जिल्ह्यात असो वा उत्तर प्रदेशात. तिच्या बाळाच्या लसीकरणाचं कार्ड दोन ठिकाणी असतं किंवा कुठेच नसतं. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे तसाच आपल्या वस्तीत राहतो आहे.

मलेरियाचा भाग थोडक्यात सांगतो. मलेरियातज्ज्ञ बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी केली आणि १९११ मध्ये अहवाल दिला. शहरात मलेरिया पसरवणारा डास शेतात आणि दलदलीत वाढत नव्हता, तो विहिरींत आणि टाक्यांत वाढत होता. उपाय सरळ होता: विहिरी बुजवा किंवा झाका. पण विहीर म्हणजे पारशी कुटुंबाचा धर्म, हिंदूंची पूजा. मोठा विरोध झाला. मग सगळ्या विहिरी सरसकट बुजवण्याऐवजी जाळीची झाकणं बसवून पाणी काढायची सोय ठेवायला परवानगी देण्याचा मार्ग निघाला. हा तडजोडीचा रस्ता होता आणि तो चालला. आज तोच डास आपल्या इमारतींच्या गच्चीवर, झाकण निसटलेल्या टाकीत वाढतो. शिडी घेऊन येणाऱ्या मलेरियावाल्यांना सोसायटीचा वॉचमन गेटवर अडवतो, ‘सेक्रेटरी नाहीत’ म्हणतो. मी हे दहिसर पूर्वेच्या सोसायट्यांत अनेकदा पाहिलं आहे. मोठ्या मजबूत लोखंडी गेटच्या आतल्या सुशिक्षित लोकांनीही दार बंद करायला शिकून घेतलं आहे. झोपडीतल्या माणसाच्या भीतीला निदान कारण असतं.

आता १९१८. महायुद्ध संपत आलेलं, बंदरात जहाजांची गर्दी. जूनच्या १० तारखेला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. तो मलेरिया नव्हता. काही दिवसांत गोदीतले, मग कंपन्यांतले, मग गिरण्यांतले लोक आजारी पडले. टर्नर यांनी मागोवा घेतला आणि मेच्या अखेरीस लागलेल्या एका जहाजाशी त्याचा संबंध जोडला. सरकारच्या बाजूने उलट सांगितलं गेलं, की जहाजावरच्या लोकांनाच मुंबईत लागण झाली. टर्नर यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. पहिली लाट ओसरली. सप्टेंबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. पावसाने दगा दिला होता, धान्य महाग होतं, थंडी-वाऱ्याला कपडा नव्हता.

महापालिकेचे दवाखाने पुरे पडणं शक्यच नव्हतं. तेव्हा ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातींच्या आणि समाजांच्या संघटना, विद्यार्थी, डॉक्टर गल्लीगल्लीत उतरले. दूध, औषध, घोंगड्या पोचवल्या. १८९६ ला ज्या शहरात लोकांनी रुग्णालयावर दगड मारले त्याच शहरात बावीस वर्षांनी लोक स्वतः रुग्ण शोधत फिरत होते. हा बदल एकट्या टर्नर यांनी घडवला असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक जीवन बदललं होतं, लोकमान्यांच्या आणि गोखल्यांच्या पिढीने लोकांना संघटित व्हायला शिकवलं होतं. पण महापालिकेच्या माणसाला दारात उभं राहू देण्याइतका विश्वास निर्माण झाला होता, आणि त्यात अठरा वर्षं एका खुर्चीत टिकलेल्या अधिकाऱ्याचा वाटा होता.

त्या साथीतले मृत्यू त्यांच्या खात्याने समाजवार मांडले. युरोपियनांत हजारी ८.३. पारशांत ९. आणि ज्यांना त्या काळची सरकारी भाषा खालच्या जातीचे हिंदू म्हणे, त्यांच्यात हजारी ६१.६. एकच ताप, एकच शहर, एकच ऑक्टोबर. जे शहर झाडत होते, मैला वाहत होते, ज्यांच्या पळून जाण्याच्या भीतीने १८९६ मध्ये आयुक्ताने माघार घेतली होती, ते युरोपियनांच्या सातपटीहून अधिक मेले. टर्नर यांनी आपल्या कारकिर्दीत लिहिलेल्या सगळ्या पानांत मला हे पान सर्वांत मोलाचं वाटतं. कारण ते लिहिलं गेलं. तो आकडा दडवता आला असता, सरासरीत मिसळून टाकता आला असता. तसं झालं असतं तर आज कुणी म्हणालं असतं की साथीपुढे सगळे सारखे, आणि आपल्याला त्याला उत्तर देता आलं नसतं.

१९१९ मध्ये टर्नर निवृत्त झाले. पुढची तीस वर्षं मी ओलांडतो.

१९५० मध्ये शहराची हद्द जोगेश्वरीपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. त्यानंतर दहिसर कसं वाढलं हे तुम्हाला मी काय सांगणार? रेल्वेच्या दोन्ही बाजूंना चाळी, मग सोसायट्या, मग टॉवर, नदीकाठी तबेले, धोबीघाट, आणि पश्चिमेला लिंक रोडलगत कांदळवनात गणपत पाटील नगर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपल्या नदीने काय केलं ते इथल्या कित्येकांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाहिलं. त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसं दगावली. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा तो रोग. तुळशीपासून खाडीपर्यंत जेमतेम बारा किलोमीटरची ही नदी. तिच्यात काय सोडलं जातं हा पर्यावरणाचा प्रश्न म्हणून आपण मांडतो, मोर्चे काढतो, ते चांगलंच आहे. पण तो आधी आरोग्य खात्याचा प्रश्न आहे.

मग २०२०, कोविडची साथ. मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले. इमारती सील झाल्या, गेटवर फलक लागले. लाल वर्तुळांची आठवण येऊन मला तेव्हा अस्वस्थ वाटलं होतं, कारण फलक लागला की शेजारी आजार लपवायला लागतो. आणि तसं झालंही. आपल्यापैकी किती घरांत ‘साधा सर्दी-ताप आहे’ असं सांगितलं गेलं ते आपल्यालाच माहीत. जून २०२० मध्ये साथ उत्तर उपनगरांकडे सरकली तेव्हा महापालिकेने मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि दहिसरसाठी ‘मिशन झीरो’ सुरू केलं. फिरते दवाखाने वस्त्यांत गेले. जुलैमध्ये दहिसर जकात नाक्याच्या जागेवर साडेनऊशेच्या आसपास खाटांचं जम्बो केंद्र उभं राहिलं, कांदरपाड्यात अतिदक्षता विभाग. २०१७ मध्ये जकात बंद झाल्यापासून मोकळी पडलेली ती जागा होती. शहरात येणाऱ्या मालावर कर घेण्याची ती वेस काही महिने श्वास लागलेल्या माणसांची वेस झाली. पुढे लसीसाठीही लोक तिथेच रांगेत उभे राहिले.

त्या काळात कार्यकारी आरोग्य अधिकारी होत्या डॉ. पद्मजा केसकर आणि त्यांच्यानंतर डॉ. मंगला गोमारे. टर्नर यांच्याच खुर्चीवर दोन मराठी डॉक्टर स्त्रिया. अतिरिक्त आयुक्त सुरेश काकाणी यांचं नाव आणि चेहरा वर्तमानपत्रांत आला, ते योग्यच झालं. पण मला एक तारीख पुन्हा पुन्हा आठवते. १६ जून २०२०. त्या दिवशी राज्याच्या मृत्यूंच्या यादीत आधी न धरलेले १,३२८ मृत्यू जोडले गेले, त्यांतले ८६२ मुंबईचे. बातम्यांत तो घोटाळा म्हणून गाजला. उशीर झाला होता, तो का झाला हे विचारायलाच हवं होतं. तरीही मी त्या दुरुस्तीच्या बाजूने उभा राहीन. वही दुरुस्त करण्याची हिंमत दाखवणं हे वीयर आणि टर्नर यांच्या वारशातलं काम आहे, आणि त्याबद्दल शिव्या खाणं हाही त्या नोकरीचा भाग आहे. साथ चालू असताना जुना आकडा चुकला होता असं सरकारने स्वतःहून सांगावं, यापेक्षा मोठी गोष्ट आकड्यांच्या राज्यात क्वचित घडते.

या सगळ्या उतरंडीच्या तळाशी आरोग्य सेविका आहे. मानधनावर काम करणारी, बहुतेक वेळा त्याच वस्तीत राहणारी बाई. गणपत पाटील नगरात २०२० मध्ये ऑक्सिमीटर घेऊन दारोदार कोण गेलं? तीच. ज्या वस्तीवर तोडकामाची टांगती तलवार कायम असते तिथे नाव विचारणारा प्रत्येक माणूस संशयित असतो. वही घेऊन आलेला माणूस आजार शोधतो आहे की झोपड्या मोजतो आहे, हे घरातल्या बाईने कसं ओळखायचं? ती ओळखते ते एकाच खुणेवरून: ही बाई गेल्या वर्षीही आली होती, माझ्या पोरीला डोस देऊन गेली होती, हिच्यामुळे आपलं काही बिघडलं नाही. हा विश्वास कोणताही आयुक्त आदेश काढून निर्माण करू शकत नाही. आणि ज्या बाईकडे तो आहे तिला आपण कायम नोकरी देत नाही. मानधन वाढावं म्हणून तिला आझाद मैदानात बसावं लागतं. १८९६ मध्ये हलालखोर गेले तर शहर चालणार नाही हे स्नो यांना कळलं होतं. आरोग्य सेविका गेल्या तर वही चालणार नाही, हे आजच्या महापालिकेला अजून पुरतं कळायचं आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो.

शेवटी एक मागणी तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही ती उचलावी, वॉर्ड ऑफिसात न्यावी अशी माझी इच्छा आहे. टर्नर यांच्या काळात मुंबईत दर आठवड्याला मृत्यूंचा तक्ता निघे, भागवार: मांडवी, खारा तलाव, चक्ला, कामाठीपुरा. कुठे ताप वाढला ते एका नजरेत दिसे. आज आपल्या आर उत्तर विभागाची लोकसंख्या काही लाखांत आहे आणि तिची आकडेवारी संपूर्ण विभागाची मिळून येते. आनंदनगरचा टॉवर आणि गणपत पाटील नगरची गल्ली एकाच सरासरीत. आपल्याला वस्तीवार तक्ता हवा: किती जन्म, किती मृत्यू, कोणत्या कारणाने, किती बाळांचं लसीकरण पूर्ण, किती क्षयरुग्णांचे उपचार अर्धवट सुटले. नावांशिवाय, फक्त संख्या. दर महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या फलकावर, मराठीत, लोकांना वाचता येईल अशा अक्षरांत. ती माहिती खात्याकडे असतेच, आरोग्य सेविकांच्या वह्यांतून ती गोळा होते. ती लोकांकडे परत यायला हवी. पहिला तक्ता लागला की त्याखाली आपण वस्तीवस्तीच्या बैठका घेऊ, आणि त्या बैठकांना वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांनी यावं असं निमंत्रण या व्याख्यानमालेच्या वतीने संयोजकांनी द्यावं.